कोल्हापुरी चप्पल मोठी करायची तर आधी ती शिवणारा माणूस मोठा झाला पाहिजे, हे शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जायचं आणि लोकांचे चेहरे न बघता फक्त पाय बघायचे.

कुर्ता, नऊवारी, जॅकेट, धोतर, सगळं वेगवेगळं असतं. पण खाली बघितलं की दर तिसऱ्या-चौथ्या पायात एकच गोष्ट दिसते. कोल्हापुरी चप्पल.

ठाण्यात तलावपाळीला आणि राम मारुती रोडला दिवाळी पहाटेला हेच चित्र. १९९९ पासून डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, तिथंही हेच. वर्षभर स्पोर्ट्स शूज घालून कल्याण-डोंबिवलीवरून सकाळची फास्ट लोकल पकडणारी पोरं-पोरी सणाच्या दिवशी मात्र कपाटातून कोल्हापुरी बाहेर काढतात. कुणाकडं ती आजोबांच्या आठवणीची असते, कुणी गावच्या जत्रेतून आणलेली, तर कुणी इन्स्टावर ऑर्डर केलेली.

इन्स्टावरून आठवलं. हल्ली हाताने बनवलेल्या चामड्याच्या वस्तूंचे कितीतरी छोटे ब्रँड निघालेत. बॅग, पट्टे, चपला. आजीच्या पेटीवरची नक्षी, गावाकडची आठवण, आपला वारसा, असं सांगून ते विकतात आणि लोक आवडीनं घेतात. त्यात चुकीचं काहीच नाही.

पण एक प्रश्न राहतो. आठवण आपली, वारसा आपला, फॅशनही आपली. मग ते कातडं ज्यानं कमावलं आणि ज्यानं शिवलं, तो माणूस या गोष्टीत कुठं असतो?

जून २०२५ मध्ये हा प्रश्न जगभर गाजला. इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात थेट कोल्हापुरीसारखी चप्पल घातली आणि तिला नुसतं चामड्याचं सँडल म्हटलं. कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. सोशल मीडियावर लोकांनी कंपनीला धू धू धुतलं.

गंमत बघा, शो झाला २२ जूनला आणि राडा पेटला तो नेमका शाहू जयंतीच्या आठवड्यात. २६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो.

कोल्हापुरी चपलेच्या इतिहासात शाहू महाराजांचं नाव कायम घेतलं जातं. त्यांनी या धंद्याला राजाश्रय दिला, एवढं एक वाक्य सगळे सांगतात आणि पुढं जातात. पण त्या एका वाक्याच्या मागं एका माणसाचं अख्खं आयुष्य आहे. आज तेच बघू.

कागलच्या घाटग्यांचा यशवंत

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातले. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब, आई राधाबाई. यशवंत जेमतेम तीन वर्षांचा असताना आई गेली.

तिकडं कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ च्या डिसेंबरमध्ये तिथंच त्यांचा मृत्यू झाला. गादीला वारस नव्हता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. नऊ वर्षांचा पोरगा शाहू छत्रपती झाला.

दोन वर्षांत वडीलही गेले. आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ ला वयाच्या विसाव्या वर्षी राज्याचा कारभार हातात आला.

माणूस अंगापिंडानं धिप्पाड. कुस्तीचा नाद, घोड्यांचा नाद, शिकारीचा नाद. घोड्यांना वळण लावायला ‘खडखडा’ नावाची गाडी जोडून स्वतः हाकायचे. रस्त्यात गाडी थांबवून शेतकऱ्याशी गप्पा मारायच्या, गाऱ्हाणं ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे राज्यात काय चाललंय ते कागदावरून कळण्याआधी त्यांना रस्त्यावर दिसायचं.

आता इथं कागलचा एक धागा लक्षात ठेवा. कोल्हापुरी चपलेचे जे जुने प्रकार आहेत, त्यांना बऱ्याचदा गावावरून नावं पडली. त्यातला एक नावाजलेला प्रकार म्हणजे कापशी. सेनापती कापशी हे गाव कागल तालुक्यातलं. म्हणजे ज्या मातीतलं शाहू महाराजांचं घराणं, तिथली चप्पल आधीपासून प्रसिद्ध होती.

पण ती बनवणारा माणूस मात्र गावाच्या कडेला होता.

एका चपलेमागं किती हात असतात?

हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

जुन्या गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महार समाजाकडं. कातडं कमावायचं काम ढोर समाजाकडं. कमावलेल्या कातड्याची चप्पल, मोट, चाबूक, वाद्या करायचं काम चर्मकार समाजाकडं.

कमावणं म्हणजे काय? कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे केस निघतात. मग ते साफ करायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी करून त्यात ते मुरवायचं. एक पद्धत अशी, की कातड्याचीच पिशवी शिवायची, त्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी हळूहळू झिरपतं आणि कातडं पिकतं. यात अनेक दिवस जातात. वास, ओल आणि कष्ट वेगळेच.

मग रापीनं कातडं कापायचं. तळ, टाच, बाजूचे कान, वरचा पट्टा, अंगठा. आरीनं भोकं पाडायची आणि चामड्याच्याच बारीक वादीनं शिवायचं. अस्सल जुन्या कोल्हापुरीत खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी आणि गोंडा हे नाजूक काम बहुतेक घरातल्या बायका करतात.

म्हणजे आपण ज्याला डिझाइन म्हणतो, ते कुठल्याही कागदावर काढलेलं नव्हतं. बापाच्या हातून पोराच्या हातात आणि आईच्या हातून लेकीच्या हातात आलेली ती आठवण होती. वेणी किती पदरी घालायची, कान केवढा ठेवायचा, हे हातांना पाठ होतं.

आणि या सगळ्याच्या बदल्यात काय मिळायचं? सुगीच्या वेळी खळ्यावरचं बलुतं. म्हणजे धान्यातला वाटा. किंमत ठरवायचा अधिकार नाही, गिऱ्हाईक निवडायचा अधिकार नाही आणि धंदा सोडायचाही अधिकार नाही.

त्याहून वाईट म्हणजे कातडं कमवायला पाणी भरपूर लागतं, पण गावच्या विहिरीवर या माणसांना जागा नव्हती. अनेक गावांत तर सवर्णांच्या दारावरून जाताना दलितांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, असा नियम होता.

थोडक्यात, गावाच्या पायात चप्पल घालणाऱ्याला स्वतःच्या पायात चप्पल घालून चालायची मुभा नव्हती.

राजालाही अपमान चुकला नाही

आता तुम्ही म्हणाल, राजाला याचं काय पडलं होतं? त्याच्या पायाखाली गालिचे.

तर किस्सा १८९९ चा. शाहू महाराज कार्तिक महिन्यात पहाटे पंचगंगेवर स्नानाला जायचे. सोबत पुरोहित मंत्र म्हणायचा. एके दिवशी लक्षात आलं, की तो वेदातले मंत्र म्हणतच नाही, पुराणातले म्हणतोय. कारण विचारलं तर पुरोहितानं सांगितलं, की महाराज शूद्र आहेत, त्यांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही.

ज्याच्या राज्यात आपण राहतो, ज्याचं अन्न खातो, त्याच्या तोंडावर हे सांगण्यात आलं. हेच ते वेदोक्त प्रकरण. ते पुढं बरीच वर्षं चाललं आणि महाराष्ट्राचं राजकारण त्यानं ढवळून काढलं.

या अपमानाचं काय करायचं, हे मात्र शाहू महाराजांनी ठरवलं. एखाद्यानं पुरोहिताला शिक्षा करून विषय संपवला असता. शाहू महाराजांना त्यातून दुसरंच दिसलं. आपण राजा असून आपल्याला असं वागवलं जातं, तर ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानतात त्यांचं काय होत असेल?

पुढची वीस वर्षं त्यांनी जे केलं, त्याची मुळं या एका आठवणीपर्यंत जातात.

१९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झालं. त्यामागून जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. आणि १९०२ च्या २६ जुलैला तो प्रसिद्ध आदेश निघाला, सरकारी नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा.

हा आदेश निघाला तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते.

रोममध्ये बघितलं, कोल्हापुरात घडवलं

याच परदेश प्रवासातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे.

या दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघितलं. प्रचंड लंबगोल आखाडा, चारी बाजूंनी प्रेक्षक. मूळचा गडी कुस्तीवेडा. डोक्यात चक्र सुरू झालं. कोल्हापूरला परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. मधे लाल मातीचा आखाडा आणि भोवती उतरती बैठक, कुठूनही बसलं तरी कुस्ती स्पष्ट दिसेल अशी. १९१२ मध्ये हे मैदान सुरू झालं.

रोमची आठवण होती, पण मैदान दिसतं अस्सल कोल्हापुरी. माती इथली, मल्ल इथले, खेळ इथला. आणि कल्पना रोमवरून आली हे कोल्हापूरकर आजही अभिमानानं सांगतात, लपवत नाहीत.

वारसा उसना कसा घ्यावा, याचं हे छान उदाहरण आहे. घ्यायचं, आपलं करायचं आणि कुठून घेतलं ते सांगायचं. शंभर-सव्वाशे वर्षांनी इटलीनं कोल्हापूरकडून चप्पल घेतली, तेव्हा नेमकी ही तिसरी गोष्ट राहून गेली.

स्वतःच्या आठवणीही महाराजांनी अशाच जमिनीवर उतरवल्या. वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, त्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी म्हटलं. ज्या गोष्टीनं पुढच्या पिढ्यांचं पोट भरेल, तिला आपल्या माणसांचं नाव द्यायचं, असा त्यांचा हिशोब दिसतो.

चप्पल गावाबाहेर पडली

आता चपलेकडं येऊ.

शाहू महाराजांना राज्यात धंदे वाढवायचे होते. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. कोल्हापुरी गूळ तिथून देशभर जायला लागला. १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली, म्हणजे कापसापासून कापड इथंच व्हावं. गूळ असो की कापड, डोक्यात गणित एकच. कच्चा माल इथला आहे, हात इथले आहेत, तर नावही इथलं झालं पाहिजे.

चामड्याचंही तेच. म्हशी-बैलांचा हा मुलूख, बाभळी आणि हिरड्याचा हा मुलूख. त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात कातडी कमावण्याची २९ केंद्रं सुरू झाली, असं कोल्हापुरी चपलेच्या इतिहासात सांगितलं जातं. महाराज स्वतः ही चप्पल वापरायचे आणि इतरांनाही वापरायला सांगायचे, असंही सांगतात.

राजानं गावातल्या कारागिराची चप्पल घालणं ही आजच्या भाषेत सगळ्यात मोठी जाहिरात. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यामुळे चप्पल बलुत्यातून बाजारात आली. बलुत्याची चप्पल वर्षाच्या धान्यावर जाते. बाजारातल्या चपलेला किंमत असते आणि ती किंमत रोख मिळते.

१९२० च्या सुमारास कोल्हापुरातल्या सौदागर कुटुंबानं जुन्या जाड पायताणाला नवं रूप दिलं. तळ पातळ केला, वजन कमी केलं आणि दोन्ही बाजूंना कानासारख्या पाळ्या ठेवल्या. म्हणून तिला कानवली म्हणायला लागले. ती मुंबईच्या दुकानात विकायला गेली, शहरातल्या लोकांना आवडली आणि मागणी वाढली. मग इतर कारागीरही हे काम शिकले.

शेतात चालायला केलेलं दणकट पायताण शहराच्या फुटपाथवर फॅशन झालं ते असं. जुनी आठवण तशीच ठेवून नव्या पायाला बसेल असं डिझाइन करायचं, हे काम इथल्या कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं. त्यासाठी कुठल्या परदेशी डिझायनरची वाट बघितली नव्हती.

पण चप्पल विकली म्हणून माणूस सुटत नाही

इथं शाहू महाराजांचं वेगळेपण दिसतं.

धंद्याला मदत करणारे राजे बरेच झाले. पण वस्तूचं कौतुक आणि माणसाचा विटाळ हे दोन्ही एकाच वेळी आरामात चालू शकतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे केंद्रं उघडून ते थांबले नाहीत. ज्या साखळीनं माणूस बांधला होता तिच्यावरच त्यांनी घाव घातला.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला.

१९१८ मध्ये बलुतेदारी बंद केली. म्हणजे अमुक जातीत जन्माला आलास म्हणून अमुकच काम कर, ही सक्ती संपली. ज्याला चप्पल शिवायची आहे त्यानं शिवावी, ज्याला नाही त्यानं दुसरं काहीतरी करावं. त्याच वर्षी महार वतनं रद्द केली आणि काही जातींना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी बंद केली.

हे १९१८ साल महाराजांसाठी घरात फार वाईट गेलं. जूनमध्ये त्यांचा धाकटा मुलगा, राजपुत्र शिवाजी, शिकारीतल्या अपघातात गेला. तरणाताठा पोरगा. त्या धक्क्यातून ते कधी पूर्ण सावरले नाहीत. पण कामं थांबली नाहीत.

१९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा, सरकारी इमारती इथं शिवाशिव पाळायची नाही, असे आदेश निघाले. अस्पृश्य मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सगळ्यांसोबत एकाच शाळेत बसवायचं ठरलं.

आता मागचं आठवा. कातडं कमवायला पाणी लागतं आणि विहीर बंद असते. त्यामुळे विहिरीचा आदेश हा नुसता समाजसुधारणेचा कागद नव्हता. ज्याच्या धंद्याचा जीव पाण्यात आहे, त्याच्यासाठी तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होता.

अर्थात आदेश निघाला म्हणून गाव लगेच बदलत नाही. हे महाराजांनाही ठाऊक होतं. म्हणून गंगाराम कांबळेंचा किस्सा महत्त्वाचा आहे.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. महाराज बाहेरगावी असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्या लोकांनी चाबकानं मारलं. महाराज परत आल्यावर गंगाराम यांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण गंगाराम यांना परत त्याच नोकरीवर न ठेवता स्वतःचा धंदा काढायला लावला आणि भांडवलही दिलं. कोल्हापुरात गंगाराम यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं.

आता अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? कुणी फिरकेना. मग महाराजांनी आपली गाडी रोज त्या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा मागवायचा, प्यायचा आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचा. राजानं दिलेला कप नाकारायची हिंमत कुणात होती?

तो चाबूक चामड्याचाच असणार. कुणा कारागिरानं शिवलेला. ज्या वस्तूनं माणूस घडवतो त्याच वस्तूनं माणसाला मारतात, ही व्यवस्था महाराजांना मोडायची होती. आणि ती मोडायला त्यांनी वापरला चहाचा कप.

माणगावची परिषद

शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ओळख कुणी करून दिली, माहितीय?

दत्तोबा पवार यांनी. कोल्हापूरच्या चर्मकार समाजातले कार्यकर्ते. बाबासाहेब तेव्हा तिशीच्या आत होते, परदेशातून शिकून आलेले, मुंबईत शिकवत होते. त्या काळात महाराज त्यांना भेटायला स्वतः परळच्या चाळीत गेले. १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली.

आणि २१-२२ मार्च १९२० ला माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते बाबासाहेब. महाराज स्वतः तिथं आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की आता तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळालाय आणि तो देशाचा पुढारी होईल. हे माणगाव तेव्हाच्या कागल जहागिरीतलं. म्हणजे गोष्ट फिरून पुन्हा कागलच्या मातीत आली.

एका राजानं आपल्या प्रजेला सांगितलं, की तुमचं नेतृत्व आता मी करायची गरज नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच हातात निर्णयही असावा, हा तो विचार. चपलेच्या धंद्याला लावला तरी तितकाच खरा.

महाराज त्यानंतर दोनच वर्षं जगले. तब्येत बिघडत गेली आणि ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४७.

मग प्राडाचं पुढं काय झालं?

महाराजांनंतर चप्पल खूप फिरली. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी लोकांच्या पायातून ती युरोप-अमेरिकेत गेली. इकडं कोल्हापुरातली चप्पल लाइन पर्यटकांनी गजबजली. पण स्वस्त नकली माल आला, रेक्झिनच्या चपलाही कोल्हापुरी म्हणून विकल्या जाऊ लागल्या आणि हाताने काम करणाऱ्याला त्याच्या कष्टाची किंमत मिळेनाशी झाली. कारागिरांची पोरं दुसरीकडं वळली.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांचं आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. सीमेवरून कितीही भांडणं होवोत, चप्पल दोघांची आहे.

प्राडानं टीका झाल्यावर कोल्हापुरीची प्रेरणा होती हे मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी त्यांनी करार केला. दोन हजार जोड इथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचे आणि साधारण आठशे युरोला विकायचे, असं जाहीर झालं.

नाव मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण आठशे युरोतले किती पैसे वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात पडतात, हा खरा प्रश्न आहे. आणि तो फक्त प्राडाला विचारून भागणार नाही. आपण इन्स्टावरून जी हँडमेड बॅग घेतो, दिवाळीला जी कोल्हापुरी घेतो, तिथंही तो लागू होतो.

कारण वारसा या शब्दात एक गडबड आहे. एखाद्यासाठी ती आजोबांच्या चपलेची करकर असते, गावच्या जत्रेची आठवण असते. त्याच चपलेच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कुणाच्या आजोबांची आठवण असते, खळ्यावर बलुत्यासाठी उभं राहण्याची, विहिरीपासून लांब थांबण्याची. एक आठवण सांगायची आणि दुसरी गाळायची, तर तो अर्धाच वारसा झाला.

शाहू महाराजांनी दोन्ही आठवणी एकत्र धरल्या. चप्पल पायात घातली आणि शिवणाऱ्याला शाळेत, विहिरीवर, दवाखान्यात जागा दिली.

त्यामुळे पुढच्या दिवाळीला फडके रोडवर किंवा तलावपाळीला जाताना कोल्हापुरी जरूर घाला. फक्त घेताना घासाघीस करण्याआधी दुकानदाराला एकदा विचारा, ही शिवली कुणी, कुठल्या गावात, आणि त्याला याचे किती मिळाले?

त्याला उत्तर माहीत नसेल तर पुढच्या वेळी शोधून ठेवेल. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर बाजार ऐकतो.

तुमच्या घरात जुनी कोल्हापुरी आहे का? कुणाची होती आणि कुठून आणली होती, आम्हाला नक्की सांगा.